समुद्रराणीचा निवडून आलेला नवरा

एका राज्यात राजा नव्हता. बंदरावरचे लोक आपल्यातलाच एक खलाशी निवडत, त्याला मोत्यांची टोपी घालत आणि 'सागरपती' म्हणून राजवाड्यात ठेवत. मग त्याचं समुद्रराणीशी लग्न लागे. तो नावेतून पाण्यात अंगठी टाके, सनई वाजे, सगळे जेवायला घरी परतत. नवरी तिथंच राही.

या खेपेला भद्रसेन निवडून आला. पाच पंचांनी नियम सांगितले. एकट्यानं पत्र वाचायचं नाही. न विचारता उंबरठा ओलांडायचा नाही. जेवणात काय हवं ते सांगायचं नाही.

"मग मी करायचं काय?"

"हसतमुख राहायचं," थोरले पंच म्हणाले.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी समुद्र राजवाड्याच्या पायऱ्या चढू लागला. दोनच पायऱ्या उरल्या, तेव्हा पायाला पत्र बांधलेला एक पाणकावळा खिडकीत येऊन बसला.

"राणीसाहेब नांदायला येताहेत," तो म्हणाला. "इतक्या अंगठ्या पोचल्या, न्यायला कोणी आलं नाही. त्यांनी उंबरठा ओलांडला की नगर बुडेल, असा शाप आहे. टाळायचं तर तीन कामं करा. हे पत्र एकट्यानं वाचा. न विचारता पायऱ्या उतरा. आणि राणीसाहेबांना खरं ते सांगा."

थोरल्या पंचांचा हात सवयीनं पुढे आला. "आणा, आम्ही वाचून सांगतो."

भद्रसेनानं पाठ फिरवून पत्र वाचलं. त्यात एवढंच होतं: पायरी निसरडी आहे, जपून.

तो उंबरठ्याशी गेला.

"कुठं निघालात?"

"बायकोला भेटायला."

याला परवानगी लागते का, यावर पंचांची चर्चा सुरू झाली. ती संपेपर्यंत भद्रसेन गुडघाभर पाण्यात होता.

राणी वर आली. बोटांत इतक्या अंगठ्या की मूठ मिटत नव्हती.

"न्यायला आलात?"

"नाही, राणीसाहेब. तिथं तुम्हाला पत्र वाचता येणार नाही. दाराबाहेर पडता येणार नाही. आमटी अळणी झाली तरी बोलता येणार नाही. त्या घरची सून मीच आहे."

राणीनं अंगठ्यांनी भरलेले हात खाली घेतले. "आणि मी इतकी वर्षं वाट पाहत होते," ती म्हणाली. "तुम्हाला माहेर?"

"निवडून आल्यापासून जाऊ देत नाहीत."

"आजपासून माझं घर."

पाणी पायरी पायरीनं उतरलं. शाप फिटला, नगर वाचलं.

भद्रसेनानं पुढं वीस वर्षं राज्य केलं, नियमानं आणि हसतमुखानं. फक्त वर्षातून चार दिवस तो न विचारता समुद्राच्या तळाशी जाई आणि नावभर मासळी घेऊन परते.

"तिथं करता तरी काय?" पंच ताटावरून विचारत.

"जेवणात काय हवं ते सांगतो," भद्रसेन म्हणे.