काकडाविना शेवळं

“मग माझं चुकतंय कुठे, बाबा?”

केवळपुरी बाबा ओल्या फडक्याने पत्रावळी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परत सांग. कशी करतेस?”

इंदुमतीबाई गुप्त्यांना ‘परत सांग’ ऐकायची सवय नव्हती. कल्याणात शेवळांचा हंगाम आला की लोक जुन्या ओळखी उकरून काढून त्यांच्याकडे जेवायला येत. पण मुरबाडच्या पुढे, डोंगराखालच्या या मठात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. इथली रीत एकच. सोमवारी दुपारी ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं, ते सगळ्यांना वाढायचं, आणि आपण दुसऱ्याच्या डब्यातलं जेवायचं.

“वरचे पापुद्रे काढते. आतला पिवळा भाग टाकून देते, तो खाजरा असतो. बारीक चिरून तेलावर परतते. काकडाचा रस घालते. मग वालाचं बिरडं.”

शेवळं म्हणजे डोंगरातले रानकोंब. काकडाचं आंबट फळ सोबत नसेल तर घसा असा खाजतो की खाणारा करणारीच्या नावाने खडे फोडत बसतो.

“आई अशीच करायची,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “तिला जाऊन एकतीस वर्षं झाली. दर ज्येष्ठात मी करते. सगळे बोटं चाटतात. पण ती आईची नसते.”

“शेवळं निराळी असतील.”

“त्याच डोंगरातली.”

“कढई?”

“तिचीच.”

“मग पुढच्या वर्षी बघ. घाई काय आहे?”



“पुढच्या वर्षी समोर आली तरी मला ओळखता येणार नाही, बाबा. मी चव विसरायला लागले आहे. तिचा चेहरा फोटोत आहे. आवाज... तो कधीच गेला. तेवढी एक चव उरली होती.”

बाबांनी पत्रावळी खाली ठेवल्या.

“आज आणली आहेस?”

“आणली, पण वाढू नका. यंदा काकडं मिळाली नाहीत, चिंचेवर भागवलं. खाज राहिली आहे. तुम्ही नुसती चाखून सांगा.”

“इथे चाखायला कोणी येत नाही, बाई. जेवायला येतात.”

आणि त्यांनी डबा उचलून वाढणाऱ्याच्या हातात दिला.

पंगत बसली. इंदुमतीबाईंच्या पानावर कोणीतरी कोरलाची रानभाजी वाढली. ती त्यांना ओळखता आली नाही आणि त्यांनी तिला हातही लावला नाही. त्यांचा सगळा जीव आपल्या डब्यात होता.

समोर जनार्दन भोईर बसला होता. ट्रक चालवून पाठ वाकलेला, साठीचा माणूस. त्याने शेवळाचा घास घेतला आणि त्याचा हात पानातच थांबला. एकदा खाकरला. पुन्हा खाकरला.

इंदुमतीबाई शरमेने उठल्याच.

“खाजते ना? बाजूला काढा ती. खाऊ नका.”

भोईरने दोन्ही हातांनी पान झाकलं.

“नाय, नाय. राहू द्या.”

त्याचे डोळे भरले होते.

“आमची आय अशीच करायची. काकडं आनायला डोंगरात कोन जानार? गळा खाजायचा. आमी रडायचो. मंग एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची...” त्याने बाहीला डोळे पुसले. “चाळीस वर्सं झाली. अजून हाय का?”

इंदुमतीबाईंनी त्याला अजून वाढली. मग बाबांच्या शेजारी येऊन बसल्या. चेहरा उतरला होता, आणि रागही आला होता. कोणाचा, ते त्यांना सांगता आलं नसतं.

“बाबा, ती भाजी बिघडलेली आहे.”

“त्याला सांगू नकोस.”

...

“तुझ्या आईचं काय चुकायचं?” बाबांनी विचारलं.

“आईचं? काही नाही. अख्ख्या आळीत तिच्या हाताला—”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“हं. मग कशी सापडेल?”

हे ऐकायला दोन एसट्या बदलून आले का, असं इंदुमतीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या समोरच्या पानाकडे बघत बसल्या. पंगतीत कोणी कोणाला आग्रह करत होतं. भोईर मान खाली घालून जेवत होता.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मीठ.”

बाबा वाट पाहत राहिले.

“मीठ कमी पडायचं. दरवेळी. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून ती कधी चाखायचीच नाही. वडील पहिला घास घ्यायचे आणि नुसते तिच्याकडे बघायचे. मग ती हसायची... आणि चिमटीत मीठ घेऊन एकेकाच्या भाजीवर घालत जायची. मी सगळ्यात शेवटी. माझ्यावर वाकायची तेव्हा तिच्या बांगड्या माझ्या कानाला लागायच्या.”

त्यांचा हात कानाकडे गेला.

“आणि मी पहिल्या वर्षापासून मीठ बरोबर घालत आले, बाबा.”

बाबांनी मान हलवली.

“आता कमी घालीन. पण घरी मी एकटी. वरून घालायला ती कुठून येणार?”

...

बाबांनी मिठाची वाटी हळूच त्यांच्याकडे सरकवली.

“त्या टोकाच्या पानावर मीठ वाढायचं राहिलंय.”