वरातीत उरलेली चिंगी

फार पूर्वी, मुंग्या अजून घोळक्याने चालत होत्या तेव्हाची ही गोष्ट. एका वारुळात इतक्या मुंग्या होत्या, की त्यांची संख्या नुसती उच्चारायला घेतली तरी ती संपेपर्यंत तोंडातला साखरेचा कण विरघळून जाई.

राणीच्या लेकीची वरात निघणार होती. वरातीची व्यवस्था पाहणाऱ्या ठमाकाकूंनी बजावले, "सगळ्या ओळी सारख्या हव्यात. व्याह्यांनी नावे ठेवता कामा नयेत!"

दोघी-दोघींच्या ओळी केल्या. शेवटी नवा लाल परकर नेसलेली चिंगी एकटी उरली. तिघी-तिघींच्या केल्या, पुन्हा चिंगीच! चौघी, पाचजणी, सहाजणी, पार दहाजणींपर्यंत करून पाहिले. दर वेळी एकच मुंगी उरे आणि सगळ्या हसून लोळत.

"चिंगे, तू घरीच थांब बाई," काकू दमून म्हणाल्या.

चिंगीचा चेहरा पडला. मग ती हळूच म्हणाली, "काकू, एकेकीची ओळ करून पाहू या?"

"एकीची कुठे ओळ असते का गं?" काकू म्हणाल्या, पण दुसरे काही सुचेना.

सर्वांत पुढे नवरी, सर्वांत शेवटी चिंगी, अशी एकीमागे एक वरात निघाली आणि खरेच, कुणीही उरले नाही! चिंचेला वळसा घालून, टेकडी ओलांडून नवरी सासरी पोचली. लाडू खाऊन, चार दिवस राहून माहेरपणाला परतली, तेव्हा वारुळाच्या दारात तिला लाल परकर दिसला.

"काय गं चिंगे, माझ्या वरातीला आली नाहीस?"

"वेडे, वरातीतच आहे की मी!" आत्ता कुठे नाचत बाहेर पडत चिंगी म्हणाली.