चावडीची चिलीम

एका गावात एक चिलीम होती आणि तिचा मान तिथल्या कुठल्याही माणसापेक्षा मोठा होता. चावडीवर बैठक बसली की ती भरली जाई आणि पंचांच्या हातांतून फिरे. ज्याच्या हातात पेटती चिलीम, त्यानंच बोलायचं. हातात चिलीम विझली की बोलणं संपलं, मग त्यानं पुढच्या बैठकीपर्यंत गुमान बसून राहायचं. हा नियम कुणी केला होता, देव जाणे. पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकट्या दौलतराव पाटलांना तो लागू नव्हता. त्यांची स्वतःची गुडगुडी होती आणि विस्तव फुंकायला पाठीमागं एक गडी बसलेला असे. त्यांची गुडगुडी कधी विझत नसे, म्हणून त्यांचं बोलणंही कधी संपत नसे. झाला की नाही सोयीचा न्याय!

त्याच गावात गेनू नावाचा एक कुंभार होता. त्याचा बाप पंच होता. बाप वारला आणि चावडीवरची ती जागा गेनूकडे आली. माणूस कामाला चोख, बोलायला सरळ, पण तंबाखूला त्यानं जन्मात हात लावला नव्हता.

पहिल्याच बैठकीत पाटलांनी तळ्याकाठच्या मातीचा विषय काढला. ती माती सगळ्या गावाची. कुंभारवाड्याची मडकी त्याच मातीची व्हायची. पाटील म्हणाले, तिथं मी कुंपण घालून ऊस लावणार आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. माती गेली की चाक थांबलं, आणि चाक थांबलं की घरची चूल थांबली. त्यानं घाईघाईनं चिलीम मागून घेतली आणि जिवाच्या आकांतानं झुरका मारला. असा ठसका लागला की डोळ्यांतून नाकातून पाण्याच्या धारा! तो सावरेपर्यंत चिलीम गार पडली होती. पंच खो-खो हसले.

"आधी चिलीम सांभाळायला शीक," पाटील म्हणाले. "पुढच्या बैठकीला बोल. तेव्हाही विझली, तर कुंपण घातलंच म्हणून समज."

गेनूला ते फार झोंबलं. त्यानं मनाशी ठरवलं, शिकायचं म्हणजे शिकायचंच. तो तडक सटवाजीकाकांकडे गेला. सटवाजीकाका म्हणजे त्याचे चुलते, कुंभारवाड्यातले वडीलधारे आणि सगळ्यांत जुने पंच. त्यांच्या हातात चिलीम कधी विझली नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगत, माणूस असावा तर असा.

काकांनी मनापासून शिकवलं. तंबाखू दाबून भरू नकोस, हवेला वाट ठेव. खाली खडा नीट बसव, नाहीतर राख तोंडात येईल. ओलं फडकं पिळून गुंडाळ. आणि झुरका असा ओढ, की निखाऱ्याला जाग राहील पण तो भडकणार नाही. जोरात ओढलीस तर जीभ भाजेल, हळू ओढलीस तर विझेल, आणि ओढायची थांबलास तर मेलीच म्हणून समज. गेनूची जीभ भाजली. त्याला गरगरलं. दोनदा तर तो अंगणातच ओकला. त्याची बायको सरजा दाराआडून सगळं बघत होती. ती म्हणाली, मातीसाठी भांडायला निघालात की स्वतःच मातीत जायला? गेनूला हसू आलं नाही, पण त्यानं चिलीमही सोडली नाही.

आणि खरोखरच त्याला ती जमली. एक अख्खा रांजण थापून व्हावा इतका वेळ चिलीम त्याच्या हातात जिवंत राहू लागली. गड्याला मोठा हुरूप आला. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यानं सरजाला समोर बसवलं आणि म्हणाला, तू पाटील हो, मी बोलतो.

बोलायला लागला आणि घोटाळा झाला. तळ्याचं नाव काढलं की झुरक्याची वेळ व्हायची. झुरका मारला की तोंडात धूर, पुढचा शब्द आत. कुंपणापर्यंत आला की निखारा काळवंडायचा. निखारा राखावा तर बोलणं राहतं, बोलावं तर निखारा जातो. पुन्हा भरली, पुन्हा तेच. शेवटी सरजाच म्हणाली, "अहो, हिला सांभाळायचं म्हणजे बोलायचंच नाही. मग चावडीवर तुम्ही जाता कशाला?"

गेनू तसाच उठला आणि काकांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काका, तुमची चिलीम कधी विझली नाही. मग इतकी वर्षं तुम्ही चावडीवर काय बोललात?"

काका खाटेवर बसले होते.

"काय बोलणार?" ते म्हणाले. "गायरान पाटलांच्या घशात गेलं तेव्हा मी चिलीम सांभाळत होतो. आमराई गेली तेव्हाही चिलीमच सांभाळत होतो. लोक वाहवा करायचे, पोरा. बरं वाटायचं."

गेनूला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पण सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःचा. चांगल्या जिभेला चटके देऊन आपण मुकं व्हायला शिकत होतो!

दुसऱ्या दिवशी चावडीवर बैठक बसली. पाटलांनी कुंपणाचे बांबू आधीच आणून पायरीशी रचून ठेवले होते. चिलीम गेनूकडे आली. त्यानं एक संथ झुरका मारला. ठसका नाही, काही नाही. पंच चकित झाले आणि पाटलांच्या कपाळावर आठी पडली. मग गेनूनं सगळ्यांदेखत चिलीम उपडी केली आणि निखारा फरशीवर झटकून टाकला.

"विझली," पाटील म्हणाले. "बस खाली."

"विझली नाही, मी विझवली," गेनू म्हणाला. "आता बोलतो."

आणि तो बोलला. तळं गावानं खणलंय, माती गावाची आहे, ती एकट्याच्या उसाला मिळणार नाही, हे त्यानं ठणकावून सांगितलं. गायरान कसं गेलं, आमराई कशी गेली, तेही सांगितलं. पाटील संतापले. नियम मोडणाऱ्याची पंचाची जागा जाईल, असं त्यांनी बजावलं.

"जागा घ्या," गेनू म्हणाला. "माती देत नाही."

पाटलांनी नवी चिलीम भरायला लावली आणि ती सटवाजीकाकांच्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही जाणते आहात, तुमच्या पुतण्याला रीत शिकवा. काकांनी चिलीम घेतली. आता ते झुरका मारतील म्हणून सगळे बघत राहिले. काकांनी ती तोंडाला लावलीच नाही. निखाऱ्यावर राख चढली, धुराची रेघ बारीक झाली आणि तुटली. जन्मात पहिल्यांदा सटवाजीची चिलीम विझली होती.

काका उठून उभे राहिले. "पोरगा खरं बोलतोय," ते म्हणाले. "हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आता बोलतोय. कुणात हिंमत असेल तर मला खाली बसवा."

कुणीही पुढं आलं नाही. मग दुसरा एक पंच बोलू लागला, त्याच्या पाठोपाठ तिसरा. चिलीम कुणीच मागितली नाही. पाटील मोठ्यानं ओरडत होते, त्यांची गुडगुडीही गुडगुडत होती, पण इतके जण एकदम बोलू लागल्यावर त्यांचं ऐकणार कोण? बांबू होते तसे पाटलांच्या वाड्यावर परत गेले. गेनूची जागा काढून घेतल्याचं पाटलांनी जाहीर केलं खरं, पण पुढच्या बैठकीला गेनू तिथंच येऊन बसला आणि त्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तात्पर्य: गप्प बसण्याच्या बदल्यात मिळणारा मान घेऊ नये. हक्कावर गदा आली की रीत मोडून बोलावं, आणि पहिला बोलणारा एकटा पडणार नाही, एवढं बाकीच्यांनी पाहावं.