भिवराचा नकटा चाकू

माळाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावात माणसांपेक्षा घोडे जास्त. कोण कुणाचा मुलगा हे तिथले लोक एखाद्या वेळी विसरायचे, पण कुठलं शिंगरू कुठल्या घोडीचं हे झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगायचे.

या गावच्या पागेत भिवरा नावाची बाई घोड्यांसाठी चंदीचे हरभरे भिजवायची. वीस वर्षं भिजवत होती. वय बेचाळीस, अंगानं भरलेली, चार पावलं भरभर चालली की धाप लागायची. एक दिवस तिनं पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पागेच्या नाईकांसमोर जाऊन उभी राहिली.

"नाईक, मला कळपामागं जायचंय. घोड्यावर बसून."

खरारा करणारे स्वार हातातलं काम टाकून हसायला लागले. हैबती त्यांच्यातला सगळ्यात रुबाबदार. तो म्हणाला, "वैनी, घोड्याला विचारलंत का?"

"विचारलं की, भावजी. तो म्हणाला, बस, पण चंदी दुप्पट घाल."

नाईक हसले नाहीत. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत शीक. दसऱ्याला माळावरून सगळा कळप एकटीनं आणायचा. त्याआधी तुझ्या हातून एकाही जनावराला इजा झाली, तर हरभरे आहेतच. जमलं तर कळप तुझा."

मग त्यांनी कनवटीचा घडीचा चाकू काढून तिच्या हातावर ठेवला. शिंगाची मूठ, रुंद पातं, धार अशी की केस धरला तर दोन तुकडे. पण पात्याला टोकच नव्हतं. पुढून सपाट, गोल घासलेलं. "हा कनवटीला हवाच," नाईक म्हणाले. "आहे तसाच वापर."

भिवरा शिकायला लागली. पवळी नावाची तांबूस घोडी तिच्या वाट्याला आली. पहिल्या आठवड्यात ती पवळीवर जेवढी बसली, त्याहून जास्त वेळा खाली पडली. कुणी विचारलं की सांगायची, "पडत नाहीये बाई, उतरायचा सराव चाललाय." रात्री पाठीला तेल लावायची आणि सकाळी पुन्हा रिकिबीत पाय घालायची. दावी कापणं, खोगिराच्या तुटक्या वाद्या तासणं, खुरात अडकलेले खडे उकरणं, सगळं त्या चाकूनं जमायला लागलं.

बाकीच्या स्वारांकडे मात्र जत्रेतून आणलेले चाकू होते. पितळी मुठीचे, लांब, पुढे सुईसारखे. जेवायला बसले की ते कांद्यात टोचून ठेवायचे.

"वैनी, तुमचा नकटा काढा की," हैबती म्हणायचा. "लोणी कापायचंय."

भिवरा हसायची. "नकटा असू दे, भावजी. मालकीण तरी कुठं चाफेकळी नाकाची आहे?"

वर हसली, पण आत लागलं. तिला वाटायला लागलं, आपण चुलीपुढची बाई म्हणून नाईकांनी आपल्याला बिनटोकाचा चाकू दिला. दसऱ्याला सगळं गाव बघायला येणार, आणि आपल्या कमरेला हे!

ती लोहाराकडे गेली. "याला टोक काढून दे."

लोहारानं चाकू उलटसुलट केला. "नाईकांना विचारलंस?"

"चाकू माझा, कंबर माझी. त्यांना कशाला विचारू?"

लोहारानं खांदे उडवले आणि टोक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी तिनंही चाकू कांद्यात टोचला. हैबती म्हणाला, "वा वैनी!" त्या एका शब्दावर बाई दिवसभर खूश होती. माणूस कशावर खूश होईल, काही सांगता येत नाही.

दसरा चार दिवसांवर आला. दुपारी कळप ओढ्याकाठी चरत होता. पवळीचं दावं बाभळीच्या मुळीत गुंतलं आणि तिच्या मागच्या पायाला खुराच्या वर वेढा बसला. घोडी बिथरली. जितकी हिसके देई, तितकं दावं मांसात रुतत जाई. भिवरा धावली. एका हातानं पाय धरला, दुसऱ्या हातानं दाव्याखाली चाकू सरकवला. त्याच क्षणी पवळीनं पाय झाडला आणि टोक सरळ आत घुसलं.

दावं तुटलं. पण रक्त भळाभळा वाहायला लागलं, आणि पवळी भिवरापासून लांब जाऊन तीन पायांवर उभी राहिली. भिवरानं बोलावलं तर तिनं कान मागे पाडले.

हैबती घोडा फेकत आला. जखम बघितली, चाकू बघितला. माणूस थट्टेखोर, पण वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "वैनी, बाभळ आहे ना इथं? काटा गेला म्हणून सांगा. कोण बघायला आलंय?"

पागेत नाईकांनी विचारलं, "काय झालं?" भिवराच्या आधी हैबतीच बोलला, "बाभळीचा काटा." भिवरा गप्प राहिली. चारच दिवस तर राहिले होते.

नाईक जखमेवर वाकले. "काटा आत मोडलाय. काढला नाही तर पाय सडेल." त्यांनी दाभण विस्तवात लाल केलं. दोघांनी पवळीला आवळून धरलं, ती हलू नये म्हणून तिसऱ्यानं तिच्या ओठाला दोरीचा पीळ दिला. घोडी थरथरत होती. नसलेला काटा शोधायला नाईक आता ती जखम उकरणार होते.

भिवराच्या डोळ्यांपुढे दसरा उभा राहिला. सगळं गाव, सगळा कळप, आणि पुढे पवळीवर ती स्वतः. मग दाभण पायाजवळ गेलं.

"थांबा!" ती ओरडली. "आत काटा नाही, नाईक. माझा चाकू लागलाय. त्याला टोक मीच लोहाराकडून काढून घेतलं होतं."

नाईकांनी दाभण बाजूला ठेवलं, ओठाचा पीळ सोडायला लावला. चाकू हातात घेऊन बघितला.

"आपलं जनावर बिथरलं की आपल्याला त्याच्या अंगाला लागून दावं कापावं लागतं," ते म्हणाले. "म्हणून टोक घासतात. माझ्या बापानं घासलं होतं हे. चूक माझीही आहे. आहे तसाच वापर म्हणालो, का ते सांगितलं नाही. पण शब्द तो शब्द. दसऱ्याला कळप तू आणायचा नाहीस."

"नाही आणणार," भिवरा म्हणाली. "पण पुढच्या दसऱ्याला आणीन."

"आण," नाईक म्हणाले, "पण तोवर हरभरे भिजव आणि आधी घोडी बरी कर."

तिनं जखम धुतली, हळद भरली. मग धारेचा दगड घेऊन अंगणात बसली आणि टोक घासायला लागली. लोहारानं चुटकीसरशी काढलेलं टोक घालवायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. बोटांना फोड आले. "मी करून देतो," लोहार येऊन म्हणाला. "नको," ती म्हणाली, "मीच घालवते."

दसऱ्याला हैबतीनं कळप आणला. भिवरा पागेतच होती, पवळीचा पाय शेकत. घोडीनं तिला हात लावू दिला, पण कित्येक महिने पाठीवर बसू दिलं नाही. भिवरा रोज तिला दाव्यानं धरून माळावर पायी फिरवायची. "बरं आहे," म्हणायची, "तेवढीच मी बारीक होईन." झाली मात्र नाही. फाल्गुनात एका सकाळी तिनं खोगीर चढवलं आणि पवळीनं अंग न झाडता तिला पाठीवर बसू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला. कळप पलीकडे नेताना हैबतीचा घोडा ओढा उतरताना धरायला आडव्या बांधलेल्या दोरखंडात अडकला. गळ्याला वेढा, पाणी छातीपर्यंत, घोडा डोळे पांढरे करतोय. हैबतीनं चाकू उपसला, पण ते टोक आणि ती हलणारी मान बघून त्याचा हात वर जाईना.

"वैनी!" तो ओरडला. "तुमचा नकटा आणा, लवकर!"

भिवरानं पवळीला पाण्यात घातलं. सपाट पातं घोड्याच्या मानेला चिकटवून दोराखाली सारलं, धार बाहेर वळवली आणि ओढलं. घोड्यानं मान तीनदा झाडली, एक केसही कापला गेला नाही. दोर मात्र तुटला. दुसऱ्या दिवशी टोकं घासायला धारेच्या दगडापाशी स्वारांची रांग लागली होती.

आणि दसरा आला. सगळं गाव वेशीत उभं. माळावर धूळ उठली, आणि धुळीतून कळप आला. शिंगरं, घोड्या, म्हातारे घोडे, एकही कमी नाही, एकाही अंगावर ओरखडा नाही. मागे पवळीवर भिवरा, पदर खोचलेला, चेहरा मातीनं माखलेला. तिनं पवळीला थेट नाईकांपुढे उभं केलं.

"कळप आणला, नाईक," ती म्हणाली. "आता कुणीतरी मला खाली उतरवा. पाय माझे राहिलेले नाहीत."

नाईक स्वतः पुढे झाले आणि त्यांनी तिची रिकीब धरली.

तात्पर्य काय घ्यायचं, तर हत्यार कामाला शोभलं म्हणजे पुरे, चारचौघांत शोभलं नाही तरी चालतं. आणि चूक झालीच, तर ती काट्याच्या नावावर घालू नये. आपणच बसून घासून काढावी, मग एक दसरा हुकला तरी हरकत नाही.