शिराझचं मुरणं

फार वर्षांपूर्वी एका वायनरीत नेहमीसारखी लेबलं चिकटवणं चालू असताना मालकीणबाई वारल्याची बातमी आली. कोपऱ्यातल्या शिराझच्या, म्हणजे लाल वाइनच्या, जुन्या बाटलीनेही ती ऐकली.

तोवर दर हिवाळ्यात मालक तिला उचलून म्हणायचे, “आमच्या हिच्या काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तूच हवीस.”

“अजून थोडं मुरू द्या, मालक,” बाटली म्हणायची.

मालकांना ते पटायचं. त्यांचा धंदाच वाट पाहण्याचा.

शेजारचं ओक लाकडाचं पिंप तिला हसायचं. “बाईसाहेब, ती झिनफँडेल वाइन पहिल्याच वर्षी पिठलं-भाकरीबरोबर संपली. मालकीणबाईंनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला होता.”

मालकीणबाई गेल्यावर महिन्याभराने मालक तळघरात आले.

“आता मुरले मी,” बाटली हळूच म्हणाली.

“हो गं,” म्हणत त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली आणि तिला परत जागेवर ठेवलं.

ती बाटली उघडायची राहूनच गेली.