पाठमोरे सर

“सर, मी उतरताना तुम्ही पाठ का फिरवता?”

विमानातून बाहेर पडताच यशोधनने विचारलं. आडव्या वाऱ्यात एकट्याने ते छोटं विमान त्याने धावपट्टीवर टेकवलं होतं. एक चाक गवतात जाता जाता राहिलं, पण टेकवलं. शेडमधल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ज्यांची शाबासकी हवी होती ते ससाणे सर मात्र शेवग्याच्या झाडाकडे तोंड करून उभे. यशोधनचा हिरमोड झाला.

“परत वर जाता आलं असतं?” सरांनी विचारलं.

“आलं असतं.”

“मग?”

“सगळे बघत होते, सर...”

सर धावपट्टीकडे वळले.

त्यांची लेक शाल्मली याच धावपट्टीवर विमान उतरवताना गेली, हे इथं उडायला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळतं. सरांपाशी तो विषय काढायची छाती मात्र कुणाची होत नाही.

“त्या दिवशीही वारा असाच होता,” सर म्हणाले. “न उतरता वर गेली असती, तर... पण मी इथं उभा होतो. असा.”

त्यांनी दोन्ही हात उंच करून हलवले, लांबून येणाऱ्या लेकीला बोलवावं तसे. ते हात खाली यायला फार वेळ लागला. यशोधनला बघवेना.

“जा. पुन्हा उड,” ते म्हणाले आणि शेवग्याकडे वळले.

वारा तसाच होता. धावपट्टी जवळ आली तसं विमान एका अंगाला सरकू लागलं. शेडपुढे पोरं जमलेली, त्यांच्या पलीकडे सरांची पाठ. यशोधनने इंजिनाला सगळा जोर दिला. आवाज माळभर घुमला आणि विमान न टेकताच परत वर गेलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला वारा जरा पडला, तेव्हा तो उतरला.

पोरं हसत होती. टाळी एकही पडली नाही. तो सरळ शेवग्यापाशी गेला.

“सर, मी दोनदा परत वर गेलो.”

सर वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

“ऐकला आवाज...” ते म्हणाले. “शाल्मलीच्या वेळी तेवढाच ऐकायचा राहिला.”