मूठभर मंजिष्ठ

पांझरी नदीच्या वळणावर निंबारी नावाचे दीडशे उंबऱ्यांचे गाव आहे. तेथील काठावरच्या शिवालयात केवलनाथ महाराज तीन वर्षे राहिले. महाराजांची रीत मोठी निराळी होती. साधूला लोक प्रश्न विचारतात; येथे महाराजच लोकांना विचारीत. कुंभार भेटला की "माती किती दिवस मुरवतोस?" गवंडी भेटला की "भिंत सरळ आहे हे तुला कळतं कसं?" उत्तर ऐकताना त्यांचे डोळे लकाकत, आणि सांगणाऱ्यालाही आपण काही मोलाचे जाणतो असे प्रथमच वाटे.

एके सकाळी महाराज नदीवर स्नानाला गेले. पाण्यात एक बाई पिवळसर कापड खळबळत उभी होती. ती मथुरा रंगारीण. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याचे लाकडी ठसे तिच्याकडे होते आणि नवे ठसे ती स्वतः कोरीत असे.

"माय, हे काय धुतेस?" महाराजांनी विचारले.

"उपरणं हाय महाराज. फुलं छापलीत."

"मला तर एकही फूल दिसत नाही!"

मथुरा हसली. "आत्ता न्हाईच दिसायची. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मग तुरटीच्या खळीनं ठसा मारायचा. नदीत धुतलं की खळ जाती, तुरटी धाग्यात ऱ्हाती. मंजिष्ठेच्या मुळ्यांसंगं उकळलं, की जिथं तुरटी तिथं लाल!"

महाराज चकित होऊन पाहतच राहिले. तिच्यामागून ते थेट तिच्या अंगणात गेले आणि हंड्यातून निघणारे कापड पाहू लागले. कोऱ्या कापडावर हळूहळू लालभडक फुले उमलली. "वा!" महाराजांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. मग विचारले, "हिरडा किती घातलास?"

"अंदाजानं."

"आणि हे उपरणं जाणार कुठे?"

"मागंल त्याला द्यायचं. आमचं मामंजी म्हणायचं, कला इकली की हात जातो."

"मग हिरडा, तुरटी आणतेस कशी?"

मथुरेने मान खाली घातली. ती लोकांच्या शेतात खुरपणीला जाई. त्या मजुरीतून तुरटी येई, आणि तुरटी आली की घरात पीठ नसे. सासऱ्यांचे ते वचन गावाला पाठ होते. विशेषतः फुकट उपरणी नेणाऱ्यांना!

महाराजांनी तिच्या रंगलेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "हे हात तुला कोणी दिले?"

"देवानं."

"देवाचे हात उपाशी ठेवायचे, ही कुठली सेवा? माय, ज्याला अंगावर घ्यायचं त्यानं मोल देऊन घ्यावं. त्यातून आधी हिरडा-तुरटी आणावी, मग चूल पेटवावी. आणि अंदाज सोड. काय किती लागतं ते मापून बघ. एकदा जमलेलं फूल पुन्हा तसंच जमलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक मागणार काय? मात्र सोमवारी कोणाचं काम करू नकोस. त्या दिवशी मनात येईल ते नवं फूल कोर."

मथुरेला हे पचायला वेळ लागला. पहिल्यांदा मोल सांगितले ते शेजारणीला. ती उपरणे खाली टाकून निघून गेली. दोन महिने कोणी फिरकले नाही. मथुरेने तेवढ्यात मापे मात्र बसवली. हिरड्याची पायली, तुरटीची वाटी, उकळीचा वेळ, सगळे तिने कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ठेवले. हळूहळू परगावची माणसे विचारत येऊ लागली.

गावात त्र्यंबकशेट काळगावकर नावाचे कापडाचे बडे व्यापारी होते. शहरातून गाठोडीच्या गाठोडी आणीत. शिवालयाच्या पारावर महाराजांदेखत, चार लोकांत ते म्हणाले, "अहो, हौसेचं कधी दुकान झालंय का? हौशीला वाहवा मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. बाईला खुरपं बरं होतं. महाराजांनी उगाच नादी लावलं!"

महाराजांनी हसून त्यांना बसायला जागा दिली.

त्याच सुमारास जवळच्या कोंढार गावातल्या देवीच्या पंचांनी मथुरेची उपरणी पाहिली. चैत्री पौर्णिमेच्या पालखीसाठी भोयांना चाळीस उपरणी हवी होती. सगळी एका फुलाची, एका रंगाची. शेटांनाही ते काम हवे होते. पंच म्हणाले, "चतुर्दशीला सकाळी आम्ही निंबारीला येऊ. सांजेपर्यंत बाईंची चाळीस तयार झाली तर त्यांची, नाहीतर शेटजींची."

शेट खो खो हसले. "दोन हात आणि चाळीस उपरणी!"

मथुरेने गावातल्या दोघी विधवा बायकांना हाताशी घेतले. एक हिरड्यात बुडवी, दुसरी वाळवी, मथुरा छापी. कामाच्या बाराव्या दिवशी चाळीसही उपरणी छापून, नदीत धुऊन तयार झाली. आता उकळायचीच काय ती राहिली. तिने मंजिष्ठेची नवी गोणी सोडली. आतली मुळे बुरशीने काळी पडली होती. उपसून उपसून चांगली निघाली ती अवघी मूठभर! नवा माल घाटाखालून यायला आठ दिवस लागत, आणि दुसऱ्या दिवशी चतुर्दशी.

मथुरा ती मूठ पदरात घेऊन शिवालयात धावली. "महाराज, तुमचं ऐकलं अन् तोंडघशी पडले! माझं एकलीचं असतं तर सोसलं असतं. त्या दोघींनी माझ्या जिवावर खुरपणी सोडली हो!"

महाराजांनी मुळे हातात घेतली, वास घेतला. "चाळीस उपरण्यांना किती लागतात?"

"चार पायल्या. भिंतीवर रेघ हाय."

"नक्की?"

"नक्की महाराज. दोनदा मापलंय."

महाराजांचा चेहरा उजळला. "मग काळजी कसली? देवाकडे काय मागायचं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. तुला मापासकट ठाऊक आहे. उद्या पंचांदेखत हंडा चढव."

सकाळी पंच आले. मागोमाग शेटही आले, खांद्यावर पांढरेशुभ्र उपरणे टाकून. दोरीवर चाळीस फिकट कापडे वाळत होती, फुलाचा मागमूस नाही. "हे काय, कोरीच?" शेट म्हणाले. "आणि रंग? ही एवढी मूठ? अहो, यात एक रुमालसुद्धा रंगायचा नाही!"

मथुरेने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी खूण केली. तिने शिवाचे नाव घेऊन मूठ हंड्यात सोडली. पाणी उकळू लागले, पण जेमतेम गुलाबी झाले. शेट हसले. मथुरेने पहिले उपरणे आत घातले, थोड्या वेळाने काठीने वर काढले...

लाल! फुले ऐन उन्हातल्या पळसासारखी लाल! दुसरे काढले, तेही तसेच. दहावे, विसावे, तिसावे! पंच उठून हंड्यापाशी आले. पाणी तसेच फिके गुलाबी होते. चाळिसावे उपरणे पहिल्याशेजारी धरले, तर कोणते आधीचे हे कोणालाच सांगता येईना.

"हंड्यात काहीतरी आहे!" शेट ओरडले. त्यांनी आपले उपरणे खांद्यावरून ओढून हंड्यात बुडवले. बराच वेळ ढवळले. काढले. वरून थंड पाणी ओतताच गुलाबी झाक निथळून गेली आणि उपरणे होते तसे कोरे झाले. फूल नाही की रंगाचा ठिपका नाही.

ते पुन्हा बुडवू लागले तेव्हा महाराज म्हणाले, "शेटजी, देवानं रंग पुरवला, पण तो बसणार कुठे? तिथे आधी कोणाचे तरी कष्ट मुरलेले लागतात."

शेटांनी उपरणे बाजूला ठेवले. मग महाराजांनी त्यांच्या नेहमीच्या रीतीने, अगदी साध्या कुतूहलाने विचारले, "तुम्ही तीस वर्षं कापड विकता. ते कोण करतं, कसं करतं, हे कधी कोणाला विचारलंत का हो?"

"नाही महाराज," शेट हळू आवाजात म्हणाले. "किंमत तेवढी विचारली."

"मग आज विचारा. सांगणारी समोर आहे."

त्र्यंबकशेटांनी पागोटे काढून भुईवर ठेवले. महाराजांच्या पायांवर डोके टेकले, आणि मग, सगळा गाव पाहत असताना, मथुरेपुढे वाकले. "मथुराताई," ते म्हणाले, "हिरड्यापासून सांगा. मी ऐकतो."